सोमवार अजिंठ्याचा नाही

*नोव्हेंबरच्या शेवटी आम्ही चौघं छत्रपती संभाजीनगरला जाणार आहोत. मी, यजमान, ११ वर्षांचा मुलगा आणि ७१ वर्षांच्या सासूबाई. त्यांचे गुडघे दुखतात, पण हौस दांडगी. शुक्रवारी रात्री मुंबईहून देवगिरी एक्स्प्रेसने निघायचं आणि सोमवारी रात्रीच्या गाडीने परतायचं. शनिवारी दौलताबाद, वेरूळ आणि घृष्णेश्वर, रविवारी बीबी का मकबरा, पैठण आणि जमलं तर शिर्डी, सोमवारी अजिंठा. मुलाला लोणारही बघायचंय. हे सगळं बसेल का? सासूबाईंना कुठे नेऊ, कुठे नको? आणि एक पैठणी घ्यायची आहे, त्यात फसायचं नाही. काय बघून घेऊ?*
*— एक वाचक, डोंबिवली*

आधी सोमवारचं बोलू, कारण तुमचा सगळा बेत त्याच्यावर उभा आहे आणि तिथेच तो कोसळतो. अजिंठ्याची लेणी सोमवारी बंद असतात, वेरूळची मंगळवारी. दर सोमवारी कुणी ना कुणी शंभर किलोमीटर जाऊन कुलूप बघून परत येतं, कारण गाडीवाला आपण होऊन सांगत नाही आणि हॉटेलात कुणी विचारत नाही. म्हणजे तुमच्या तीन दिवसांत अजिंठा शनिवारी किंवा रविवारीच. रात्रभर गाडीत अवघडून लगेच जाता-येता पाच तासांचा रस्ता सासूबाईंना नको, म्हणून रविवार. सोमवार वेरूळला.

आता कात्री लावू. लोणार शहराच्या पूर्वेला दीडशे किलोमीटरच्या घरात, शिर्डी पश्चिमेला शंभरावर, पैठण दक्षिणेला ५० आणि अजिंठा ईशान्येला १००. नकाशावर बोट ठेवून बघा, चारही ठिकाणं चार दिशांना आहेत. एका वाटेवर दुसरं लागत नाही. लोणारला एक अख्खा दिवस लागतो आणि विवरात उतरून पुन्हा चढायचं असेल तर सासूबाईंचा प्रश्नच मिटला. शिर्डी आणि लोणार दोन्ही काढा. पैठणही काढा. पैठणी शहरातच मिळते, त्याचं पुढे सांगतो.

शनिवार. देवगिरी एक्स्प्रेस भल्या पहाटे पोहोचते, आणि बहुतेक हॉटेलं खोली देतात दुपारी बारानंतर. आरक्षण करतानाच ‘२४ तासांचं चेकआउट’ असलेलं हॉटेल शोधा, किंवा पहाटे खोली मिळेल असं फोनवर ठरवून घ्या, अर्ध्या दिवसाचे पैसे जास्त गेले तरी चालतील. एका खोलीसाठी सोमवारचं भाडंही भरून ठेवा, म्हणजे परतीच्या आधी आंघोळ करता येते आणि सामान गाडीत घेऊन हिंडावं लागत नाही.

सासूबाईंना सकाळी झोपू द्या. तुम्ही तिघं दौलताबादला जा. शहरापासून पंधरा किलोमीटर, आठच्या आत पायथ्याशी हवं. हा यादवांचा देवगिरी. १३२७ मध्ये महंमद तुघलकाने दिल्लीची राजधानी हलवली ती इथे. एवढं मुलाला गाडीतच सांगून ठेवा, बाकीचं किल्ला सांगतो. पहिल्या दरवाजाच्या फळ्यांवरचे लोखंडी खिळे बघायला सांगा: हत्तीने मस्तक आपटून दार फोडू नये म्हणून ते आहेत. आत शिरल्यावर सरळ रस्ता नाही, चौक आणि वळणं आहेत, म्हणजे शिरलेल्या शत्रूला धावत येता येत नाही आणि वरून मारा होतो. पुढे हत्ती हौद, भारतमाता मंदिर, चांद मिनार. मिनारावर चढू देत नाहीत. इथपर्यंतचा भाग जवळजवळ सपाट आहे. खरा चढ खंदकाच्या पुलापलीकडे.

पुलापलीकडे ‘अंधारी’ लागते. कातळात कोरलेला काळोखा, वळणावळणाचा जिना, पायऱ्या लहानमोठ्या, वटवाघळांच्या विष्ठेने निसरड्या आणि वासाने नाक झोंबणाऱ्या. हातात टॉर्च हवी, मोबाइलचा दिवा नव्हे, कारण एक हात भिंतीला लागतो आणि मोबाइल पडला की गेला. अंधारी टाळून बाहेरून वर जायचीही वाट आहे. मुलगा घाबरला तर हट्ट करू नका. बारादरी या वरच्या महालापर्यंत आणि पुढे माथ्यापर्यंत मिळून साडेसातशेच्या आसपास पायऱ्या होतात. चढायला दीड तास, उतरायला एक. माणशी एक लिटर पाणी घ्या, वर विकत मिळेल या भरवशावर राहू नका. खाऊ पारदर्शक पिशवीत नेऊ नका, वानरं पिशवी ओळखतात. उतरताना गुडघ्यांवर जोर येतो, तेव्हा पायरी आडवी घ्या. अकराच्या सुमारास खाली आलात की उन्हाचा तडाखा चुकतो. रस्त्याकडेला सीताफळांचे ढीग असतील, नोव्हेंबरअखेर हंगाम उतरतीला लागलेला असतो. डोळे मोठे आणि दोन डोळ्यांमधली फट पांढरट-पिवळसर झालेलं घ्या. पूर्ण मऊ फळ गाडीच्या धक्क्यांत घरी पोहोचेपर्यंत फुटतं.

शनिवारी याच रस्त्याने पुढे खुलताबादच्या भद्रा मारुतीला गर्दी असते, त्यामुळे ‘एवढं आलोच आहोत तर पुढेही जाऊन येऊ’ हा मोह नको. परत या, जेवा, झोपा. चारनंतर सासूबाईंसह पाणचक्की, तिथे अर्धा तास पुरे. मग मकबरा.

बीबी का मकबऱ्याला ‘गरिबांचा ताज’ म्हणून नाक मुरडायची फॅशन आहे. ती ऐकून गेलात तर काहीच दिसणार नाही. औरंगजेबाची बेगम दिलरास बानूची ही कबर. घुमट आणि खालचा काही भाग संगमरवरी, बाकी काळ्या दगडावर चुन्याच्या गुळगुळीत गिलाव्याची कारागिरी. जवळ जाऊन बघा, संगमरवर संपून चुना कुठे सुरू होतो ते मुलाला शोधायला लावा, दहा मिनिटं मजेत जातात. वेळ सूर्यास्ताची निवडा. त्या दिवसांत सूर्य पावणेसहाच्या सुमारास मावळतो, त्याआधी अर्धा तास आत हवं. अंधार पडल्यावरही मकबरा काही वेळ उघडा असतो. फाटकापासून इमारतीपर्यंतचा रस्ता सपाट पण लांब आहे. सासूबाईंना मधल्या कठड्यावर बसवत न्या. वर चौथऱ्यावर जायला जिना आहे, तो त्यांनी चढलाच पाहिजे असं नाही.

रात्री पैठणी. गाडीवाला स्वतःहून ‘फॅक्टरी’ दाखवायला नेऊ लागला तर दलालीही तुमच्याच किमतीत आहे असं समजा. नाही म्हणा आणि आपण होऊन दुकान निवडा. दुकानात साडी पुढून कौतुकाने बघू नका, पदर उलटा करा. हातमागाच्या पैठणीत नक्षीतल्या प्रत्येक रंगाचा धागा वेगळ्या छोट्या कांडीने, त्याच्या जागेपुरताच विणून शेजारच्या धाग्यात अडकवतात. त्यामुळे मोर, पोपट, कमळ उलट्या बाजूलाही तसंच्या तसं दिसतं. यंत्रमागावर एका रंगाचा धागा आडवा पूर्ण धावतो आणि नको तिथे मागे लोंबतो. मग तो कापतात. मागे कापलेल्या धाग्यांची लव दिसली किंवा ती झाकायला जाळी चिकटवलेली दिसली की ती हातमागाची नाही. ती वाईट असते असं नाही, पण भाव हातमागाचा देऊ नका. दोन-तीन हजारांत हातमागाची पैठणी कुणी देत नाही. रेशमाच्या आणि हातमागाच्या खुणेच्या चिठ्ठ्या बघा आणि बिलावर ‘हातमाग’ आणि जरीची तार कसली ते लिहून घ्या. लिहायला कुरकुर झाली तर उठा.

गंमत म्हणजे इथलीच दुसरी प्रसिद्ध विणाई, हिमरू, नेमकी उलट. सूत आणि रेशीम एकत्र विणलेल्या हिमरूच्या मागे मोकळे धागे असतातच, तो दोष नव्हे. पैठणीची परीक्षा हिमरूच्या शालीला लावून दुकानदाराशी भांडू नका.

मांसाहार चालत असेल तर शहराचा नान-खलिया चुकवू नका. पण रविवारी पहाटे निघायचंय, तेव्हा रात्री बेताने. गोडात गुलमंडीकडची इमरती.

रविवार अजिंठ्याचा, आणि तिथे घाई केली तर काहीच मिळत नाही. साडेसहाला गाडी सुटायला हवी. फुलंब्री, सिल्लोड करत अडीच तास धरा. नाश्ता सिल्लोडला. एक गोंधळ नेहमी होतो: अजिंठा गाव आणि अजिंठा लेणी वेगळी. गाव घाटाच्या वर आहे, लेण्यांचा फाटा घाट उतरून फर्दापूरजवळ. एसटीने जाणारे कंडक्टरला ‘अजिंठा’ म्हणतात आणि गावात उतरतात. ‘लेणी फाटा’ किंवा ‘टी पॉइंट’ म्हणायचं. नकाशातही गाव नव्हे, लेणी टाका.

खासगी गाडी फाट्यावरच थांबते. तिथून चार किलोमीटर एसटीची बस नेते. फाट्यावर दुकानांची रांग आहे आणि तिथेच दगडवाले भेटतात. एखादा हसतमुख माणूस मुलाच्या हातात स्फटिकाचा चमकता तुकडा ठेवील, ‘फुकट आहे, भेट’ म्हणेल, तुमचं नाव विचारील आणि दुकानाचा नंबर सांगेल. परतताना तो नाव घेऊन हाका मारतो. मुलाला आधीच सांगा, हातात काही घ्यायचं नाही. स्फटिक मात्र खरे असतात, दख्खनच्या काळ्या दगडातल्या पोकळ्यांत तयार झालेले. घ्यायचेच असतील तर परतताना, चार दुकानं हिंडून.

दरीत मोबाइलला रेंज धड नसते. तिकीट आदल्या रात्री ऑनलाइन काढून फोनमध्ये उतरवून ठेवा. १५ वर्षांखालच्या मुलाला तिकीट नाही, वयाचा पुरावा असू द्या. बससाठी, डोलीसाठी सुटे पैसे रोख ठेवा. डोली हवीच. तिकिटाच्या खिडकीपुढे उभ्या पायऱ्यांचा एक टप्पा आहे आणि सासूबाईंचे गुडघे तिथेच हात टेकतील. तो चढला की पुढे नालाकृती कड्याच्या कडेने वाट जाते, पण तिलाही चढउतार आहे. डोलीवाल्यांशी बोलताना तीन गोष्टी बसायच्या आधी ठरवा: शेवटच्या लेण्यापर्यंत की अर्ध्यापर्यंत, प्रत्येक लेण्यापाशी थांबणार का, आणि पैसे जाऊन-येऊन धरून का. लेण्याच्या दारात उतरून आत चालायचं असतं, म्हणून खाली रबर असलेली काठी बरोबर घ्या. चित्रांच्या लेण्यांत चपला बाहेर काढाव्या लागतात, आणि अशी लेणी एकामागून एक येतात, त्यामुळे नाडीचे बूट कुणीच घालू नका. दगड सकाळी गार असतो, सासूबाईंना जाड मोजे.

लेणी ३०. तुम्ही सात बघा: १, २, १०, १६, १७, १९ आणि २६. पहिल्या दोनांत रविवारी रांग लागते, कारण आत ठरावीक माणसंच सोडतात. नवाच्या सुमारास पोहोचलात तर आधी तीच करा. रांग फार लांब दिसली तर थेट २६ गाठून उलट या, दुपारी जेवणाच्या वेळी पहिल्या दोन लेण्यांची रांग आटोक्यात येते. सरकारमान्य गाइड करा, गळ्यातलं ओळखपत्र बघून. इथे गाइडचे पैसे वाचवणं म्हणजे चित्राऐवजी भिंत बघून येणं.

पहिल्या लेण्यात शिरल्यावर दोन-तीन मिनिटं काहीही बघू नका, नुसते उभे राहा. बाहेरच्या उन्हातून आलेल्या डोळ्यांना आतला मंद दिवा पुरत नाही, आणि बहुतेक लोक डोळे सरावण्याआधीच ‘काळंकाळं आहे सगळं’ म्हणून बाहेर पडतात. मग समोर गाभाऱ्याच्या दाराकडे बघा. डाव्या हाताला पद्मपाणी, म्हणजे हातात कमळ घेतलेला बोधिसत्त्व. मान किंचित कललेली, उजव्या हातात निळं कमळ, भुवया एका ओघात काढलेल्या. त्याचे डोळे अर्धे मिटलेले आहेत आणि तो तुमच्याकडे बघत नाही. एक पाऊल मागे जा, मग त्याच्या भोवतालची गर्दी उमलू लागते: माकडं, मोर, वाद्यं घेतलेले पुराणकथांतले किन्नर. मुलाला एक कामगिरी द्या: खांबांच्या डोक्यांवर एकच मुंडकं असलेली चार हरणं शोधायची.

फ्लॅश आणि टॉर्च का चालत नाही हेही त्याला सांगा. दगडावर माती, भाताचा कोंडा आणि गवताचे तंतू मिसळून लिंपण दिलं, त्यावर चुन्याचा पातळ हात, आणि ते सुकल्यावर रंग. रंग भिंतीत मुरलेला नाही, वर बसलेला आहे. श्वासाची वाफ, बोटाचा घाम, प्रकाश, सगळ्याने त्याचे पापुद्रे सुटतात. छताची चित्रं बघायला छोटी दुर्बीण असेल तर मान आणि वेळ दोन्ही वाचतं.

१० नंबरचं चैत्य, म्हणजे स्तूप असलेलं प्रार्थनेचं लेणं, इथल्या सर्वांत जुन्या लेण्यांपैकी. १८१९ च्या एप्रिलमध्ये जॉन स्मिथ नावाचा इंग्रज अधिकारी शिकारीच्या नादात इथे पोहोचला आणि त्याने एका खांबावर स्वतःचं नाव आणि तारीख खरवडली. आज ती आपल्या डोळ्यांपेक्षा बरीच उंच दिसते, कारण तेव्हा लेणं दगडमातीने भरलेलं होतं आणि तो त्या ढिगावर उभा होता. १६ आणि १७ वाकाटक राजा हरिषेणाच्या काळातली, पाचव्या शतकातली. १७ मध्ये जातककथा, म्हणजे बुद्धाच्या पूर्वजन्मांच्या गोष्टी, भिंतभर पसरल्या आहेत, तिथे गाइडला बोलू द्या. २६ मध्ये डाव्या भिंतीला महापरिनिर्वाणाचा पहुडलेला बुद्ध, सुमारे सात मीटर लांब. खाली शोक करणारे शिष्य, वर स्वागताला आलेले देव.

यात तीन-साडेतीन तास जातात. खाणं आत नेता येत नाही, पाणी नेता येतं. जेवण खाली आल्यावर. परतीच्या बसला रविवारी चारनंतर लांब रांग लागते, तीनच्या आत फाट्याकडे निघा. संध्याकाळी काहीही ठरवू नका.

सोमवारी वेरूळ, शहरापासून तीसेक किलोमीटर. सोमवार म्हणजे घृष्णेश्वराला गर्दी, तेव्हा दर्शन सगळ्यात आधी. सव्वापाचला निघून सहाच्या सुमारास रांगेत उभे राहा. गाभाऱ्यात जाताना पुरुषांना कमरेवरचे कपडे काढावे लागतात. म्हणून यजमानांनी आणि मुलाने पुढून बटणं असलेला शर्ट घालावा. मोबाइल गाडीत ठेवा. रांग बघून सासूबाई दमल्या तर सभामंडपातून दर्शन घेऊन बसू द्या.

नाश्ता करून लेणी. बौद्ध १ ते १२, हिंदू १३ ते २९, जैन ३० ते ३४. सकाळी दहावं लेणं बघा, त्याला ‘सुतार की झोपडी’ म्हणतात. छताला दगडाच्याच फासळ्या आहेत, लाकडी वाशांची हुबेहूब नक्कल. लाकडाची सवय झालेल्या हातांनी दगड कोरला आणि वासेही कोरले, ज्यांचा दगडाला काही उपयोग नाही. बारावं तीन मजली आहे, पायऱ्या उंच, सासूबाईंनी अंगणात बसावं. जैन लेणी मधल्या कैलास मंदिरापासून किलोमीटरभर दूर, तिथे वाहनानेच जा. बत्तिसावं, इंद्रसभा, वरच्या मजल्यासकट बघा. दुपारी बाहेर येऊन जेवा.

कैलास तीननंतर. लोक सकाळी आल्याबरोबर आधी त्याच्यावर तुटून पडतात आणि ते चूक आहे. मंदिराचं तोंड पश्चिमेला, सकाळभर कातळाची सावली त्याच्यावर, आणि फोटोत वर पांढरं आभाळ, खाली काळा डोंगर. दुपार कलली की ऊन समोरून आत येतं आणि दगड तांबूस होतो. आठव्या शतकात राष्ट्रकूट राजा कृष्ण पहिला याच्या काळात डोंगर वरून खाली कोरत आणलेलं हे काम, अंगण ८० मीटरहून लांब. आणि चांगली गोष्ट अशी की अंगण सपाट आहे. सासूबाई उंबरठा ओलांडून आत आल्या की पूर्ण प्रदक्षिणा जमते. उत्तरेकडच्या भिंतीवर महाभारताचे पट्टे, दक्षिणेकडे रामायणाचे, त्या मुलाला ओळखून दाखवतील. दक्षिणेलाच कैलास हलवणारा रावण. वीस हातांनी डोंगर रेटतोय, वर पार्वती शंकराला बिलगलीय, आणि शंकर मात्र निवांत. कुठेकुठे पांढऱ्या गिलाव्याचे तुकडे दिसतील. हे मंदिर एकेकाळी रंगवलेलं होतं.

समोर तोंड करून उभं राहिलं की उजव्या हाताने एक पायवाट डोंगरावर जाते. वरून शिखर आणि आख्खा खड्डा एका नजरेत येतो. मुलाला घेऊन यजमानांनी जावं, मुरूम सुटा आहे, कडेला जायचं नाही. साडेपाचच्या आसपास शिट्ट्या वाजू लागतात. तासाभरात हॉटेल, आंघोळ, जेवण, आणि गाडी रात्री उशिराची आहे तेव्हा थोडी झोपही.

शेवटी एक पर्याय. रजा सोमवारऐवजी शुक्रवारची मिळाली तर सगळं एक दिवस अलीकडे सरकवा: शुक्रवारी दौलताबाद आणि शहर, शनिवारी वेरूळ, रविवारी अजिंठा. मग अजिंठ्याहून शहरात परत न येता जळगाव गाठा. लेण्यांपासून ते साठेक किलोमीटरच आहे, आणि तिथून कल्याणकडे येणाऱ्या भरपूर गाड्या आहेत. घृष्णेश्वराची सोमवारची गर्दीही चुकते. फक्त गाडीवाला रिकामी गाडी परत नेण्याचे पैसे मागेल. ते आधीच ठरवून घ्या, आणि जळगावचं तिकीट संध्याकाळी सातनंतरच्या गाडीचं काढा.